बाटल्यांचा टी-शर्ट, नायलॉनचा वारसा

धावणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: सत्तरच्या दशकातल्या धावपटूंसारखे ‘हेरिटेज’ कपडे घ्या. ते जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून बनतात, म्हणजे समुद्र वाचतो. बांबूचे घेतलेत तर आणखी उत्तम, ते नैसर्गिकच.

आधी वारसाच बघू. बाजूला पट्टी असलेल्या त्या आखूड शॉर्ट्स प्रामुख्याने नायलॉनच्या, म्हणजे खनिज तेलातूनच आलेल्या. आणि बायकांसाठी तेव्हा फारसं काही शिवलंच जात नव्हतं. १९६६ साली अमेरिकन धावपटू बॉबी गिबला बॉस्टन मॅरेथॉनने प्रवेश नाकारला, कारण एवढं अंतर बायकांना झेपत नाही म्हणे. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपांत लपली आणि घोळका निघाल्यावर त्यात शिरली. आत स्विमसूट, वर भावाची बर्म्युडा आणि हुडी. जीव उकडत होता, पण हुडी काढला तर बाई असल्याचं कळेल आणि हाकलतील ही भीती. आजूबाजूच्या पुरुष धावपटूंनीच ‘आम्ही तसं होऊ देणार नाही’ असा धीर दिला, तेव्हा कुठे तिने तो उतरवला. ३ तास २१ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. स्पोर्ट्‌स ब्रा यायला पुढे १९७७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल आणि तिच्या दोन साथीदारांनी पुरुष खेळताना आत घालतात ते दोन सपोर्टर एकमेकांना जोडून पहिला नमुना शिवला. यातला कुठला ‘लूक’ आपल्याला विकतायत?

आता बाटल्या. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकात नायकेने काही संघांच्या जर्सी अशाच बनवल्या, एकेका जर्सीत आठपर्यंत बाटल्या. त्या आल्या जपान आणि तैवानच्या कचरा डेपोंमधून, समुद्रातून नव्हे. आपल्याकडे तर ही बाटली कचरावेचक बाया आधीच उचलतात, कारण भंगारात तिला भाव आहे. स्वच्छ बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा पॉलिस्टर धागा काढून, रंगवून, त्यात लायक्रा हा ताणला जाणारा धागा मिसळला की त्या कापडाचं पुन्हा कापड होणं फार अवघड. नव्या पॉलिस्टरपेक्षा यात ऊर्जा कमी लागते, हे मात्र खरं. तेवढंच लिहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

शिवाय धुताना सुटणारे प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू या कापडातूनही सुटतातच. थंड पाण्यात, मशीन भरून धुतलं तर कमी सुटतात.

बांबूचं थोडक्यात: बहुतेक ‘बांबू’ कापड म्हणजे व्हिस्कोस, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. त्यासाठी कार्बन डायसल्फाइड वापरतात, जे कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे.

खरं तर आपल्या कपाटात शर्यतींमध्ये मिळालेल्या टी-शर्टांची चळत पडलेली असते. ‘युनिसेक्स’ मापाचे, खांदे उतरलेले, म्हणून न घातलेले. कोपऱ्यावरच्या टेलरकडून बाजू आत घेतल्या, काखेत थोडी कापणी केली, की रोजच्या सरावाला उत्तम चालतात. स्पोर्ट्‌स ब्राच्या बाबतीत मात्र ही काटकसर नको. तिचं इलॅस्टिक सैल पडलं की नवी घ्यावी, नव्या पॉलिस्टरची असली तरी.