फ्रोझन म्हणजे शिळं? आईशी झालेलं भांडण

जानेवारीची थंडी, ऑफिसातून यायला साडेनऊ आणि घरात एक कांदा. तोक्योत निशी-कासाईला राहणाऱ्याला देशी जेवणाची ददात नसते, पण पुन्हा जिने उतरायचं जिवावर आलं होतं. फ्रीझरमध्ये सुपरमार्केटातून आणलेलं नाबेयाकी उदोन, म्हणजे सूपात शिजवायचे गव्हाचे जाड जपानी नूडल्स, महिनाभर पडून होतं. शेवटी काढलं.

पाकिटातून दगडासारखी एक गोल ढेप निघते. तळाला गोठलेलं सूप, त्यावर नूडल्स, वर शिताके मशरूम, पालक आणि कामाबोको, म्हणजे माशाच्या वडीचे काप. पाणी घालायचं नाही, ढेप तशीच पातेल्यात ठेवायची. आधी तळाशी चमचाभर सूप सुटतं, वरचा पालक मात्र बर्फात ताठ उभा. मग ढेप हळूहळू खचते आणि घरभर दाशीचा, म्हणजे जपानी सूपाच्या मूळ रश्शाचा, वास.

व्हिडिओ कॉलवर आईने डोकावून बघितलं. "वरणफळंच की रे ही. तीही शिळी!"

वरणफळं हे बरोबर. शिळी हे साफ चूक, आणि यावर मी तिच्याशी वीस मिनिटं भांडलो.

उदोन उकळून काढलं की बाहेरच्या थरात पाणी जास्त आणि गाभ्यात कमी असतं. दाताखाली येणारा तो चिवट लवचिकपणा (इथे त्याला 'कोशी' म्हणतात) बराचसा या फरकातून येतो. वेळ गेला की पाणी आतपर्यंत मुरतं आणि नूडल फुगून मऊ पडतं. वरणफळं ताटात येताच खावी लागतात, ती उगाच नाही. कारखान्यात उदोन उकळल्या उकळल्या झटकन गोठवतात, म्हणून पाण्याला मुरायला वेळच मिळत नाही. सानुकी हा उदोनचा नावाजलेला प्रकार, त्याचं माहेर म्हणजे जपानमधला कागावा प्रांत. तिथल्या काटोकिची कंपनीने १९७४ मध्येच फ्रोझन उदोन बाजारात आणलं होतं. पिठात बहुतेक वेळा टॅपिओकाचं स्टार्चही असतं. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाचं. (उपासाला चालेल का, हे आईला विचारायची हिंमत झाली नाही.)

शिळं करतो तो फ्रीज. शून्याच्या जरा वरच्या तापमानाला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतं, म्हणून तर रात्रीचा भात सकाळी टणक लागतो. मागे एकदा मी साधं फ्रोझन उदोन चिकनसारखं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळवलं होतं. सकाळी पिठूळ तुकडे. दोष पाकिटाला दिला, गाढवपणा माझा होता. ते थेट उकळत्या पाण्यात टाकायचं असतं.

अगदी हॉटेलसारखं लागतं असंही नाही. पालक जून होता, मीठ अंमळ जास्त आणि एवढ्याने माझं पोट भरत नाही. शाकाहारी मित्रांनो, वरच्या भाजीला भुलू नका, दाशीत बहुधा सुकवलेला मासा असतो. पण नूडल? चोख. शेवटी थोडी लसणाची चटणी घातली. कुणा जपानी माणसाला सांगू नका.

"आजोबा कढीचे मारायचे तसे भुरके मारतोयस," आई म्हणाली. इथे तेच रीतीला धरून आहे, म्हटलं.

मग तिनेच विचारलं, वरणफळं गोठवता येतील का? रविवारी मी केली आणि एक डबा टाकलाय फ्रीझरमध्ये. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, त्यामुळे फार आशा नाही.