वादळाची आठवण पक्की, पण बिनचूक नव्हे

खानदेशात, खासकरून रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर, सध्या एक मेसेज फिरतोय: 'भीतीच्या क्षणी मेंदू व्हिडिओ काढतो, म्हणून ती आठवण कधीच चुकत नाही.' यातलं अर्धं खरं आहे, आणि घोळ अर्ध्या खऱ्यानेच होतो.

वादळात उभी केळी आडवी झाली की अंगात अ‍ॅड्रिनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावना हाताळणारा भाग, जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाला, ती आठवण घट्ट बसवायला लावतो. इथपर्यंत ठीक. 1994 साली लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ या स्मृती-संशोधकांनी काही जणांना अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन चित्रांतून एका अपघाताची गोष्ट दाखवली. आठवड्याने त्यांना अपघाताचा भाग इतरांपेक्षा कमी आठवला. साध्या भागात फरक नव्हता.

पण 'कधीच चुकत नाही'? अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान 28 जानेवारी 1986ला फुटलं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी 44 जणांना पुन्हा विचारलं, तर 11 जणांचं एकही मुख्य उत्तर जुळेना. तरी बरेच जण छातीठोक! स्वतःच्याच अक्षरातला कागद पुढे ठेवला, तरी मूळचं आठवेना.

तेव्हा दोघं भाऊ वादळाचं वेगवेगळं सांगत असतील, तर एक खोटारडाच असं धरू नका. आणि पंचनाम्यासाठी किती झाडं मोडली, गारा आधी की वारा, हे त्याच दिवशी तारीख टाकून वहीत लिहा, फोटो काढा.