‘ताई, आधी अभ्यास करा’ म्हणणाऱ्या ठाणेकरांस

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक त्रस्त ठाणेकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कायदा एकतर्फी आहे, नवऱ्याने मार खाल्ला तर त्याने कुठे जायचं ते सांगा, लोक हसतात म्हणून तो जात नाही, माझ्या चुलतभावावर बायकोने खोटी केस लावलीय, काकूंना सून छळते, 498अ (नवरा आणि सासरच्यांनी छळ केल्याचं कलम) मध्ये शिक्षा फार थोड्यांना होते, म्हणजे बहुतेक केसेस खोट्या, तेव्हा ‘स्त्री’ शब्द काढून कायदा दोघांना सारखा करा. लेख उगाच लांबलाय, असंही आहे. आणि शेवटी, “ताई, आधी अभ्यास करा. एसीत बसून बायकांची रडगाणी विकू नका.”

लेख लांबला, मान्य. दोन परिच्छेद सहज कापता आले असते.

आता ते शेवटचं वाक्य. साहेब, मी कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे ड्राफ्टिंग आणि टायपिंग करते. एसी आमच्याकडे नाही, एक पंखा आहे आणि तोही पक्षकारांच्या बाजूला फिरवून ठेवलेला असतो. डीव्हीचे, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे, अर्ज मी वर्षानुवर्षं टाइप करतेय. त्यात स्त्रीधनाची यादी जोडावी लागते. परवाच दिव्याहून एक बाई आली होती. मंगळसूत्र दोन वाट्यांचं, जोडवी, पाच किलोचा स्टीलचा डबा, मिक्सर, असं सांगत सांगत शिलाई मशीनवर येऊन थांबली आणि म्हणाली, “चालू स्थितीत, असं लिहा हं. नाहीतर मोडकं देतील.” हाताचं प्लास्टर अजून निघालेलं नव्हतं, पण काळजी मशीनची होती, कारण उद्यापासून पोट त्याच्यावर भरायचं होतं. याला तुम्ही रडगाणं म्हणता. विकायचं म्हटलं तर कोण घेणार आहे हो हे?

आणि अभ्यासाचं म्हणाल तर तो मी आरोपी म्हणून केलाय. हे लेखात लिहिलं नव्हतं, लिहायचंही नव्हतं, पण तुम्ही वेळ आणलीत. माझ्या सख्ख्या भावावर त्याच्या बायकोने 498अ लावली होती. एफआयआरमध्ये भाऊ, आई, वडील आणि चौथी मी. तेव्हा मी लग्न होऊन कळव्याला राहत होते आणि भावाच्या घरी गणपती-दिवाळीलाच काय ती जायचे. भावाला रात्री उचललं. आई पोलीस ठाण्यातल्या बाकावर सकाळपर्यंत बसून होती, गुडघे धरून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हवालदाराला विचारत होती की त्याने काही खाल्लंय का. तेव्हा ‘खोटी केस’ म्हणजे काय ते मला तुमच्या चुलतभावाच्या गोष्टीवरून कळायला नको. तुम्ही ऐकीव सांगताय, मी तारखांना उभी राहिलेय.

तरीही मी त्या लेखात जे लिहिलं ते लिहिलं. का, ते सांगते.

आमच्यावर जे गुदरलं ते अटकेमुळे आणि रेंगाळलेल्या तारखांमुळे. 498अ हे फौजदारी कलम, 1983 साली दंड संहितेत आलेलं, आता न्याय संहितेत 85 आणि 86 म्हणून बसलंय. मी ज्याच्यावर लिहिलं तो 2005 चा कायदा वेगळा आहे. त्यात बाई मॅजिस्ट्रेटकडे जाते ती राहायला छप्पर, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा आणि ‘हा माझ्या अंगावर येणार नाही’ असा आदेश मागायला. नुसत्या अर्जावर कुणाला अटक होत नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तरच कलम 31 लागतं. तुम्ही दोन्हींची खिचडी केलीत आणि वर अभ्यास मला करायला सांगताय!

अटकेचा जो जाच होता, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बोट ठेवलं: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट उचलायचं नाही, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. आमची केस त्याच्या आधीची. हा निकाल तेव्हा असता आणि पाळला गेला असता तर आईची ती रात्र टळली असती. कायद्यातला ‘स्त्री’ शब्द काढून ती टळली नसती.

मग तुमच्या मनासारखं होऊन डीव्ही कायदा दोघांना सारखा झाला असं धरू. पहिला अर्ज कोण करेल? ज्याच्या नावावर फ्लॅट आहे, ज्याच्या खिशात वकिलाची फी आहे, तो. बायको माहेरी गेलेली बघून हा सोमवारी अर्ज टाकणार की हिच्यापासून मला धोका आहे, हिला घरात येऊ देऊ नका. आज कलम 17 ने बाईला निदान त्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. तो हक्क आधी मोडेल. आमच्या टेबलावर रोज जे बघते त्यावरून सांगते. दिव्याची ती बाई मशीन मागायलाही पोचणार नाही.

शिवाय कायदा पुरुषांच्याच मुळावर उठलाय म्हणता, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा हरसोरा निकाल वाचा. अर्ज कुणाविरुद्ध करता येतो त्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द त्यात उडाले, आता बाईविरुद्धही अर्ज होतो. सून छळत असेल तर सासू याच कायद्याने तिला कोर्टात उभी करू शकते. तुमच्या काकूंना कुणी सांगितलं नाही का हे? आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली केस चालू असताना नवरासुद्धा बायकोकडे खर्च मागू शकतो. 1955 पासून. मारहाण झाली तर तक्रार आहे, क्रूरतेवर घटस्फोट आहे. ‘लोक हसतात म्हणून नवरा जात नाही’ म्हणता. हसणारे कोण असतात? बहुतेक वेळा तुमच्या-माझ्या सोसायटीतले पुरुषच.

498अ मधल्या शिक्षेच्या प्रमाणाबद्दल एवढंच: समेट होतो, दोन्हीकडून सह्या होतात, हायकोर्टात केस रद्द होते. पुष्कळदा बाई तारखांना कंटाळून साक्ष द्यायचंच सोडते. तारखांचं डीव्हीतही तेच: अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं त्या कायद्यात लिहिलंय. ते वाक्य मी एकदा एका पक्षकाराला वाचून दाखवलं तर ती हसायला लागली. सुटका झाली म्हणजे केस खोटी, हा हिशेब तुमचा तुम्ही ठेवा.

बाकी ‘स्त्रीवाद्यांचं फॅड’, ‘परदेशी पैसा’ वगैरेला उत्तर देण्यात मला रस नाही. तुमच्या चुलतभावाला मात्र नोटीस आली असेल तर हजर राहायला सांगा. घाबरून गावाला निघून जाऊ नये. नोटीस न पाळल्यावर अटक झाली तर ‘बायकांचा कायदा’ म्हणून पुन्हा इथेच येऊन ओरडाल.