पट्टा बदलला, पंखा उलटा फिरला

रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत, इंदुरात ज्यांच्या अंगणात जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘अँबेसिडर-पद्मिनीचा फॅन बेल्ट काढा, सर्पेंटाइन बेल्ट लावा. ॲव्हरेज २० टक्के वाढेल, इंजिन कधी तापणार नाही, बेल्ट जन्मात तुटणार नाही, टायमिंग बेल्टची कटकट संपेल. काम दोन तासांचं.’ खाली जोडलेले हात. आमच्या काकांनी तो नुसता पुढे ढकलला नाही, आपल्या अँबेसिडरवर अमलात आणला. म्हणून हा खटाटोप.

आधी ॲव्हरेज. जुन्या अँबेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात त्या एका बेल्टवर असतं काय? बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर, इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप आणि पंपाच्याच पुलीवर बसवलेला पंखा. सगळं मिळून दोन किलोवॅट धरा. जुना फॅन बेल्ट म्हणजे व्ही-बेल्ट; नीट ताणलेला असेल तर तो त्यातली साधारण ९५ टक्के शक्ती पोचवतो, सर्पेंटाइन ९८ टक्क्यांच्या आसपास. फरक साठ वॅटचा, म्हणजे एका जुन्या बल्बाइतका. ताशी ६० किलोमीटरने धावायला गाडीला आठ-दहा किलोवॅट लागतात. साठ वॅटमधून २० टक्के काढणाऱ्याने आमच्या घराचं वीजबिलही बघावं. टायरमधली हवा तपासलीत तर याहून जास्त पेट्रोल वाचेल.

‘इंजिन तापणार नाही’ हे मात्र नुसतं खोटं नाही, धोक्याचं आहे. व्ही-बेल्ट पाचरीसारखा खाचेत बसतो आणि दोन्ही कडांनी पुली धरतो. सर्पेंटाइन चपटा; आतून बारीक उभ्या रिबा, पाठ गुळगुळीत. त्याची पाठही पुली फिरवू शकते, आणि सापासारखी वळणं त्याला जमतात ती त्यामुळेच. पण पाठीवर चालणारी पुली उलट्या दिशेने फिरते. ज्या इंजिनांमध्ये कंपनीने अशी वळणं दिली, तिथे पंपही उलट्या फिरण्याचाच दिला. काकांच्या मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचा टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारी पुली, बसवला, बेल्ट पंपाच्या पुलीवरून पाठीने नेला आणि वर सांगितलं, “भिया, नई टेक्नालॉजी है.” शहरात गाडी ठीक चालली. महेश्वरहून परतताना जाम घाट चढायला लागलो आणि निम्म्यात बॉनेटमधून वाफ.

उलटा फिरला तरी असा पंप पाणी त्याच दिशेला ढकलतो, फक्त कितीतरी कमी. म्हणून सपाटीवर कळत नाही. पंख्याचं तसं नाही, तो थेट हवाच उलटी फेकतो. गाडी थंड झाल्यावर इंजिन चालू ठेवून मी रेडिएटरच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, फडफडत माझ्याच तोंडावर आला. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत उभे होते.

‘जन्मात तुटणार नाही’ यात अर्धं खरं आहे. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट लाखभर किलोमीटर सहज काढतात आणि जुन्या रबरासारखे तडकत नाहीत. पण तडा नाही म्हणजे बेल्ट ठणठणीत, असंही नाही: टायर झिजावा तशा रिबा झिजतात, मग बेल्ट खोल बसतो आणि पाण्यातून जाताना घसरतो. पुल्या एका रेषेत नसतील तर हे फार लवकर होतं. सगळ्या पुल्यांच्या तोंडावर स्टीलची लांब पट्टी टेकवून बघा. दीड मिलिमीटरची तफावतही सर्पेंटाइनला खपत नाही. बेल्ट चिवचिवत असेल तर रिबांवर थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली रेषेत नाही, वाढला तर ताण कमी. आणि तुटलाच, तर सगळंच एकदम बंद. बेल्टवर ६पीके१७५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे सहा रिबा आणि १७५० मिलिमीटर लांबी. मिस्त्रीने मनाने जुळवलेल्या वळणाचा बरोबर तोच नंबर रात्री मानपूरच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. साध्या फॅन बेल्टला टॉमीने डायनॅमो रेटून, अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच लवेल इतका ताण दिला की घर गाठता येतं.

टायमिंग बेल्टचा इथे संबंधच नाही. तो इंजिनाच्या आतले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट फिरवतो. मारुती ८०० ला आहे, या अँबेसिडरला तर त्या जागी चेन आहे.

एसी, पॉवर स्टिअरिंग, मोठा अल्टरनेटर असं बरंच काही वाढवणार असाल, तर सर्पेंटाइन करण्यात अर्थ आहे. रुंद बेल्ट आणि आपोआप ताण देणारा टेन्शनर तिथे खरंच कामाला येतात. पण मग क्रँक पुलीपासून, म्हणजे सगळा बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य पुलीपासून, सगळं मोजून, पंपाची दिशा ठरवून करायचं, आणि त्याला दोन तास पुरत नाहीत. अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास चुकला तरी सिग्नलला उभं असताना चार्जिंग पडतं. काकांची नवी क्रँक पुली लेथवर झकास झाली होती, फक्त स्पार्क प्लगच्या ठिणगीचं टायमिंग बघायची खाच तिच्यावर नव्हती. टायमिंग लाइट कशावर धरणार? शेवटी जुनी पुली शोधली, तर काकूंनी ती तुळशीच्या कुंडीखाली ठेवलेली. कुंडीला दुसरी बैठक मिळेपर्यंत त्यांनी ती दिली नाही.