कोरड्या माणसाची नोकरी

मे महिन्याच्या भर दुपारी नागपुरात मुलाखत ठेवणाऱ्यांना उमेदवाराची योग्यता नव्हे, सोशिकता तपासायची असते, अशी माझी परवापासून खात्री पटली आहे. मेट्रो स्थानकापासून चालत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी वर्धा मार्गावरच्या त्या कार्यालयात पोहोचलो, तोवर इस्त्रीच्या शर्टाचा पोछा झाला होता. तिथल्या वयस्क शिपायाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि कूलरचे तोंड शेजारच्या कोरड्या उमेदवाराकडे वळवले.

"तुमचं काही जमत नाही, भाऊ."

"काका, आत तर जाऊ द्या!"

"आत जाऊन काय करता? तो पोट्टा लागते. बूट पाहा त्याचे."

"आणि शिक्षण, अनुभव?"

"ते कागदावर असतेच ना बापा! कागदच पाहाचा असता, तर बोलावलं कायले असतं?"

मी निरुत्तर झालो. त्यांना दया आली असावी, खिशातून कंगवा काढून ते म्हणाले, "भांग तरी पाडा. मागच्या खेपेचा पोट्टा ह्याच्यानंच लागला." त्या यशस्वी पोट्ट्याचे दोन केस कंगव्यात अद्याप होते.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवले, की सैन्यातील वरिष्ठ ज्याला शरीरयष्टीचे गुण चांगले देत, त्याला बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्याचेही चांगलेच देत. आमच्या काकांनी हा शोध कंगव्यासह स्वतंत्रपणे लावला होता.

आत साहेबांची नजर माझ्या कॉलरवर खिळली. "घाबरलात का?" "नाही, बाहेर ऊन आहे," असे मी म्हणताच त्यांनी काहीतरी टिपून घेतले, बहुधा 'वाद घालण्याची प्रवृत्ती'. पुढचे सर्व प्रश्न त्या पहिल्या समजुतीला पुरावे गोळा करण्यासाठीच होते. सर्वांना तेच प्रश्न विचारून उत्तरागणिक गुण द्यावेत, म्हणजे निवड अधिक चांगली होते, हे संशोधक कधीचे सांगत आहेत. केंद्र सरकारने तर कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. खासगी साहेबांना मात्र माणूस 'पाहायचा' असतो.

तो शेजारचा उमेदवार कोरडा होता, कारण वडिलांनी त्याला गार गाडीतून दाराशी सोडले होते. या कोरडेपणाला साहेबांनी आत्मविश्वास म्हटले, आणि माझ्यात त्याचा अभाव असल्याचे पत्राने कळवले. पद होते बुटीबोरीच्या गोदामात, पत्र्याखाली बसून मालाची नोंद ठेवण्याचे.