डॉक्टरांची गाडी

होडीचा ट्रेलर ओढायला जुना डिझेल पिकअप हवा होता. म्हापशाच्या बाजूला एक बघायला गेलो. बॉनेटवर हात ठेवला, तर मालकाच्या आधी बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत मिरची भजी खात बसलेले एक गृहस्थ ओरडले, "ओ पात्रांव, ताप बघता काय तिचा?"

ताप होताच. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं. डिझेलचं खरं रूप थंड स्टार्टला दिसतं. उशिरा पेटलं, पांढरा धूर सोडत राहिलं, तर ग्लो प्लग, इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन, काहीतरी बसलंय समजायचं.

"डॉक्टरांची गाडी," खुर्चीतून माहिती आली.

गोव्यात विकायला काढलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच कशी असते? याच्या हौद्यात बांगड्याचा वास मुरलेला. डॉक्टर व्हिजिटला काय घेऊन जायचे?

"रविवारी गळ टाकायचे ते."

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवलं. थोडं थरथरलं तर चालतं. हे टणकन उडून खुर्चीच्या पायाशी पडलं, मागोमाग भकाभका धूर. पिस्टनच्या रिंगा संपल्या होत्या.

"पॉवर बघा पॉवर!"

मग हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच धड असेल तर इंजिन जागीच बंद पडतं. हे आपलं चालूच.

"बघा, बंदच पडत नाही!"

या माणसाला कमिशन किती मिळतं कोण जाणे, पण कमी पडत असणार. शेवाळलेल्या उतारावरून भरलेला ट्रेलर वर ओढताना असला क्लच पहिल्याच दिवशी जळेल, आणि प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

खाली वाकलो. होडी पाण्यात सोडायला गाडी मागून उतरते, त्यामुळे खारं पाणी आधी खातं ते मागचं: स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, ब्रेकचे पाइप, चॅसीचं शेपूट. इथे सगळ्यावर ताजा काळा रंग, नटबोल्टांसकट. पेचकस टोकरला, तर पापुद्रा हातात आला. टो हूक चॅसीला बोल्टने आवळलेला हवा. हा बंपरला वेल्ड केलेला. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर बसतो, धक्के वेगळे. बंपरच निघून होडीसोबत मागे राहायचा.

"गाडी घ्यायचीय की पोस्टमॉर्टेम करायचंय?" आता मालकही बोलला.

शेवटी आरसी. त्यावर बँकेचं नाव तसंच. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 नसेल तर बोजा उतरत नाही, आणि मग गाडी नावावर करायचे फॉर्म 29 नि 30 भरून तरी काय उपयोग? पैसे आपले, गाडी बँकेची. हे लोक बेधडक सांगतात, "पेपर मागाहून करू." वर माल वाहायची गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी, तो खर्च कोणी बोलत नाही.

"कर्ज डॉक्टर फेडणार," खुर्चीने ग्वाही दिली.

मी निघालो, तर मालकाने ट्रायलच्या डिझेलचे शंभर रुपये मागितले. गाडी फाटकाबाहेर गेलीच नव्हती.