खुलासा : 'कोकरांचे झाड' भारतातले नव्हे

'भारतात फांद्यांच्या टोकांना इवली कोकरे लागणारे झाड आहे, असे जॉन मँडेव्हिलने १४व्या शतकात लिहिले. ते झाड म्हणजे आपला कापूस', हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मँडेव्हिलच्या नावावरच्या प्रवासवर्णनात ही गोष्ट भारताची नाही, कॅथे म्हणजे चीनच्याही पलीकडच्या मुलखाची आहे. तिथे फांद्यांना कोकरे लटकत नाहीत. भोपळ्यासारखे फळ पिकल्यावर कापले की आत हाडामांसाचा छोटा प्राणी निघतो, कोकरासारखा, पण बिनलोकरीचा! लोकरच नाही, तर कापूस आला कुठून?

देठाला बांधलेले, भोवतालचे गवत संपले की मरणारे कोकरू ही याच दंतकथेची दुसरी तऱ्हा. १६९८ साली डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक हॅन्स स्लोन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे असे एक 'कोकरू' ठेवले. ते निघाले नेच्याचे (फर्नचे) केसाळ मूळखोड, कोकराच्या आकाराचे बनवलेले.

या दंतकथेचा कापसाशी सांधा जोडला इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री ली यांनी, १८८७ साली. तर्क विचार करण्याजोगा आहे. भारतातल्या लोकर देणाऱ्या झाडांबद्दल प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही लिहिले होते. पण तो तर्क लींचा आहे, मँडेव्हिलच्या तोंडी घालू नका. मजकूर पुढे पाठवला असेल, तर ही दुरुस्तीही पाठवा.